बारावी जागा

जयाने चपलेच्या टाचेने फक्कीची रेघ पुसली. आधी कोपऱ्यातली आडवी, मग कुंपणाच्या भिंतीला लागून गेलेली लांब. पांढरी पूड दवाच्या गवतात मिसळली की वरून खराट्याने थोडी माती ओढायची. रेघ होती की नव्हती, कुणाला कळता कामा नये. सलग तिसऱ्या सकाळी ती हेच करत होती. आज सवयीने जरा गाफील राहिली, म्हणून मागच्या दाराची कडी वाजलेली तिला ऐकू आली नाही.

"म्हणजे तुम्ही होय!"

किरण पायरीवर उभा होता. कंत्राटदाराचा माणूस, पंचविशीतला, कानावर पेन्सिल खोचलेली.

"मला वाटलं कुत्री लोळतात. मी रोज आखतोय, रोज जातंय. असं का करता मावशी?"

जयाने खराटा पाठीमागे धरला. किरण खाली आला, पुसलेल्या जागेकडे बघत राहिला.

"सोमवारी जेसीबी येणार. इथं कलाकारांची खोली, त्या टोकाला संडास. नकाशा पास होऊन आलाय. मी काय माझ्या मनानं आखतोय का?"

"हितं नको," जया म्हणाली.

"मग कुठं?"

"कुठं पन. हितं नको."

किरण चिडला नाही. चिडण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "समिधा मॅडमना सांगा," तो म्हणाला. "माझ्या हातात फक्कीचं घमेलं तेवढं." आणि त्याने पुन्हा वाकून रेघ ओढायला सुरुवात केली. ती पुरी होईस्तोवर जया तिथेच उभी राहिली.

कर्जतच्या रेल्वेवस्तीमागे उंचवट्यावर ते चर्च होतं. घाटात गाड्या चढवणाऱ्या साहेबांसाठी साहेबांच्याच काळात बांधलेलं. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी आढी, टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या खिडक्या आणि मागच्या आवारात अकरा कबरी. आसपासच्या गावांतली जुनी माणसं त्याला साहेबांचं देऊळ म्हणायची. साहेब गेले, मग त्यांच्या जागी आलेली ख्रिस्ती कुटुंबंही बदल्या होऊन, निवृत्त होऊन पांगली. शेवटी शेवटी रविवारच्या भक्तीला सहा माणसं असत, मग चार, मग पाद्रीही येईनासे झाले. चर्चच्या मंडळाने इमारत एका ट्रस्टला दिली. आता तिथे नाटकं होणार होती, भजनं होणार होती, पोरांची नाचाची शिबिरं भरणार होती. वेदीच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकून रंगमंच झाला. बाकं गेली, खुर्च्या आल्या. क्रूस नीट उतरवून, कापडात गुंडाळून दुसऱ्या गावच्या चर्चला पोचवला. कर्जत-खालापूरच्या हौशी मंडळींना आजवर लग्नाच्या हॉलमागे धावावं लागे, त्यांना हक्काची जागा मिळत होती. लोक खूश होते. जयाही म्हणायची, की छप्पर आता गळत नाही, हे चांगलंच झालं.

इमारतीबरोबर जयाही ट्रस्टकडे आली होती. एकोणीस वर्षं ती इथे झाडलोट करत होती. कोंडाण्याहून रोज सकाळी मिळेल त्या रिक्षाने, पावसात रिक्षा नसली तर चालत. सासरचे म्हणायचे, एवढ्या लांब लोकांचं अंगण झाडायला कशाला जायचं? जया उत्तर द्यायची नाही आणि दुसऱ्या दिवशी निघायची.

खराटा हातात तसाच घेऊन ती आत गेली. समिधा रंगमंचावर मांडी घालून बसली होती, भोवती कागद पसरलेले. ती कर्जतचीच पोर. पुण्याला नाटकाचं शिकली आणि परत आली, याचंच लोकांना नवल. उद्घाटनाला ती याच वास्तूच्या आठवणींचा प्रयोग बसवत होती. त्यासाठी महिनाभर फोनवर लोकांचं बोलणं टिपत घरोघर फिरली होती. जयाकडेही चार वेळा येऊन गेली होती. दर वेळी जया म्हणाली होती, "मला काय आठवत नाय. मी आपली झाडते."

"तुमचा तो फोन लावा," जया म्हणाली.

समिधाने वर पाहिलं.

"आठवतंय ते सांगते. पन मग तो कोपरा खांदायचा नाय."

समिधाने फोन चालू करून फळीवर ठेवला. जया खाली, पायरीवर बसली.

"पूर आलता ना. दोन हजार पाचला."

"हो. मी दुसरीत होते."

"मी दवाखान्यात हुते तवा. आठवा सरला नव्हता. सासू हुती सोबत, ती सकाळच्या टेंपोनं घरला गेली. म्हस तशीच सोडून आलती ना. दुपारी मला मुलगी झाली आन् संध्याकाळी पाणी आलं. खाटंच्या दांडीला लागलं. मग सगळ्यांना उचलून हितं आणलं. हे उंचावर. त्या खिडकीखाली बाक हुता, त्याच्यावर मला निजवली." तिने हाताने खिडकी दाखवली. "पोरगी येवढीशी. रडायची पन नाय. नुसतं तोंड उघडायची आन् मिटायची. दीड दिवस हुती."

फोनच्या काचेवर एक आकडा पुढे पुढे सरकत होता.

"घरचं कुणी?"

"नदीनं रस्ताच नेलता. मालक शिळफाट्याला, कंपनीत. तिकडं पन पाणीच पाणी. ते पाच दिसांनी आले." जयाने खराट्याचा एक हीर उपसून काढला. "शमुवेलबाबा हुते, हितले राखणदार. त्यांनी बायकोचं लुगडं फाडलं, त्यात गुंडाळली. मागं चिंच हुती. तिच्या बुडाशी त्यांनी खांदलं. पाऊस काय थांबत नव्हता. खड्ड्यात पाणी भरायचं, ते डब्यानं उपसायचे, परत भरायचं. दोघं उपसत हुतो. मग दमलो. मग तशीच ठेवली."

जयाने हातातला हीर मोडला.

"मला म्हनले, नाव काय? मी म्हनलं, बारसं नाय झालं. मग ते बिननावाचंच काय ते बोलले देवाला."

समिधाने फोन बंद केला. खाली उतरून ती जयाशेजारी बसली. तिने विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"मेली ते माहीत हाय. कुठं ठेवली ते त्यांनी कधी इचारलं नाय." त्यात गाऱ्हाणं नव्हतं. पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही, हे जसं सांगावं तसं तिने सांगितलं. "वर्साने मी बाबांना येऊन म्हनलं, मला हितं झाडायला ठेवा. ते समजले. ते पन गेले आता."

"पुढे मूल?"

जयाने मान हलवली.

समिधा म्हणाली, "मी ट्रस्टशी बोलते. उद्याच बोलते. आणि मावशी, हे मी प्रयोगात घेऊ का? तुमचं नाव नाही येणार कुठे. पण लोकांनी हे ऐकलं ना, तर त्या कोपऱ्याला कुणी हात लावणार नाही."

जयाने त्यावर थोडा विचार केला. लोकांना कळलं तर कोपरा राहील. एवढंच तिला त्यातलं कळलं.

"घ्या," ती म्हणाली.

शनिवारी ट्रस्टची मंडळी जमली. पूर्वी पाद्रीबाबा झगे बदलायचे त्या खोलीत. अध्यक्ष डॉक्टर होते, आता दवाखाना मुलाकडे सोपवून निवृत्त झालेले. भला माणूस. बाकीचेही काही वाईट नव्हते. जया दाराशी उभी राहिली. दोनदा सांगूनही खुर्चीत बसली नाही.

समिधा भांडली. आवाज चढवून भांडली. नकाशा बदला म्हणाली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि समोरचा कागद तिच्याकडे फिरवला.

"ही चर्चच्या दप्तरातली यादी. अकरा कबरी. अकराही आपण जपतोय, चौथरे दुरुस्त केलेत, नव्या पाट्या येतायत. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला रस्ता. खोली हलवायची तर कुठे? आणि बारावी जागा या यादीत नाही."

"यादीत नाही म्हणजे ती नाहीच का, सर?"

"असं मी म्हणत नाही." डॉक्टर उठले. "जया, चल. दाखव आम्हाला."

सगळे मागच्या आवारात गेले. जया पुढे होती. कोपऱ्याशी आल्यावर ती थांबली आणि खाली बघत राहिली. चिंच निसर्ग चक्रीवादळात मुळासकट पडली होती. खोडाचा खड्डा बुजवायला कुठून कुठून राडारोडा आणून टाकला होता. भिंतही तेव्हा कोसळली आणि नंतर हातभर आत सरकवून बांधली गेली. झाड होतं तोवर जागा शोधावी लागत नव्हती. नंतरची पाच वर्षं ती तो सगळाच कोपरा झाडत आली होती. हात बरोबर जागी जातो, असं तिला वाटायचं.

"हितं," ती म्हणाली. मग दोन पावलं मागे आली. "नाय. हितं."

सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर होत्या. तिने भिंतीपासून पावलं मोजली, मध्येच चुकली, पुन्हा भिंतीशी गेली.

"हितून... तिथवर. त्याच्यातच कुठंतरी."

डॉक्टर जवळ आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "जया, वीस वर्षं झाली. दीड दिवसाचं बाळ. त्या वयात हाडंसुद्धा पक्की नसतात गं. आपल्याकडचा पाऊस, ही माती... तिथे आता काहीच नसणार. काहीच नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

ते तिच्या समाधानासाठी बोलत होते, हे जयाला कळत होतं. तिने मान डोलावली.

"निदान मशीन लावू नका," समिधा म्हणाली. तेवढं सगळ्यांनी मान्य केलं.

सोमवारी किरणने जेसीबी फाटकाबाहेर थांबवला. कोपऱ्यात बुधाजी आणि पोशा अशी दोन माणसं टिकाव-फावडं घेऊन उतरली. त्यांना सांगितलेलं होतं. टिकाव दोघं हलक्या हाताने मारत होते. माती मोकळी झाली की बुधाजी खाली बसून ती हाताने चाळायचा. जया आठ वाजल्यापासून कडेला उभी होती. चिंचेची जुनी मुळं निघाली. कौलांचे तुकडे निघाले. औषधाची निळी बाटली निघाली, ती पोशाने पुसून बाजूला ठेवली. माणसं गुडघ्यापर्यंत खाली गेली, मग कमरेपर्यंत. अकरा वाजले. जया त्यांच्या हातांकडे बघत होती. काही निघालं तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. नाही निघालं तर काय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

बाराच्या सुमारास खाली मुरूम लागला. टिकाव खणकन वाजला.

"बाय, काय नाय," बुधाजी म्हणाला.

"अजून जरा."

त्यांनी कामाला लागतं त्याहून हातभर जास्त खणलं. मग बुधाजी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

किरण जवळ आला. "काही नाही निघालं, मावशी. बरंच झालं ना एका अर्थी?"

जया खड्ड्यात बघत होती. तळ स्वच्छ होता, सारवल्यासारखा.

मग जेसीबी आत आला आणि त्याने काढलेल्या मातीचा ढीग डंपरमध्ये भरायला घेतला. हे जयाच्या लक्षातच आलं नव्हतं. खड्डा खणला की माती कुठेतरी जाणार. ती ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"ही कुठं नेता?"

"भरावाला. दहिवलीच्या पुढं कुनाचा तरी बंगला चाललाय. आज तिकडं, उद्या आनखी कुठं. का? पायजेल का माती?"

"नको."

डंपर फाटकातून वळताना दोन-तीन ढेकळं रस्त्यावर पडली. मागून आलेल्या टेंपोने ती सपाट केली.

त्या संध्याकाळी गजा घरी आला तो हसतच. गजा म्हणजे जयाचा नवरा. कंपनीतून परस्पर तो कर्जतला जाऊन आला होता.

"आपल्या भजनी मंडळाला तारीख दिली गं. उद्घाटनालाच. पयला नंबर आपला. तुझ्या साहेबांच्या देवळात पखवाज वाजवनार मी."

"बरं झालं," जया म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"एवढी गप का?"

"काय नाय."

तो पखवाजाची वादी ताणायला बसला. पूर ओसरल्यावर पाच दिवसांनी तो असाच दारात आला होता, ढोपरापर्यंत चिखल. सासू त्याच्या कानाशी काहीतरी बोलली होती. तो जयाच्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला होता, "झालं ते झालं." त्यानंतर त्या घरात त्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. गजाने तिच्यावर कधी हात उगारला नाही, कधी टाकून बोलला नाही. मूल नाही म्हणून दुसरी कर, असं भावकीने सुचवलं तेव्हा तो ताटावरून उठून गेला होता. फक्त विचारलं नव्हतं.

पौषात, रविवारी दुपारी चारला उद्घाटन झालं. मागे खोली तयार होती. पिवळा रंग, मोठे आरसे, बल्ब. त्या टोकाला, चिंचेच्या जागी, पांढऱ्या फरश्यांचे तीन संडास. ते कुणी साफ करायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा जया म्हणाली होती, मी करीन. कामावरच्या बाकीच्या बायकांना हायसं वाटलं होतं.

सभागृह भरून गेलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. कोंडाण्याच्या मंडळाने भजन म्हटलं आणि दगडी भिंतींनी ते असं काही परत दिलं, की म्हणणारेच थोडे बिचकले, मग रंगले. गजा घामाघूम होऊन खाली आला. उपरण्याने तोंड पुसत जयाच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"काय आवाज घुमतो गं," तो म्हणाला.

मग समिधाचा प्रयोग. रूळ टाकणारे मजूर आले, साहेब आले, ख्रिसमसला केक वाटणारी मडम आली. लोक हसत होते. मग निळा उजेड झाला, चार पोरींनी निळं कापड धरून हलवलं आणि कुणीतरी तारीख सांगितली.

गजाने मान वळवून जयाकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

आई झालेली पोर कॉलेजातली, श्रद्धा नावाची. खिडकीखालच्या बाकावर ती निजली होती. हातात लाल काठाच्या कापडाचं गाठोडं. बाळाचं नाव तिने सरिता ठेवलं होतं. गाठोडं निपचित झालं तेव्हा श्रद्धाने अशी काही किंकाळी फोडली, की पुढच्या रांगेतल्या बायका रडू लागल्या. जयाला आठवलं, की त्या पहाटे इथे चाळीस माणसं झोपलेली होती, म्हणून तिने तोंडात पदर कोंबला होता.

"ही आपली का गं?" गजाने विचारलं. आवाज जवळजवळ नव्हताच.

जयाने होकारार्थी मान डोलावली.

आणि मग मागचं मोठं दार उघडलं. चिंब भिजलेला एक तरुण "सरिता! सरिता!" ओरडत लोकांमधून धावत पुढे गेला. नदी पोहून आलेला बाप. त्याने आईच्या हातून गाठोडं घेतलं, छातीशी धरलं. शमुवेल झालेल्या म्हाताऱ्याने कंदील धरला आणि बापाने दोन्ही हातांनी जमीन उकरली. उकरता उकरता तो मोठमोठ्याने रडत होता. उजेड हळूहळू गेला.

टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. माणसं उभी राहिली. उभं नव्हतं ते दोघंच. गजा फरशीकडे बघत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मी नव्हतो आलो," तो म्हणाला.

"रस्ता नव्हता."

"पाच दिस नव्हता. मग हुता की."

तो उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला. जया त्याच्या मागे निघाली, तोच दाराशी समिधा धावत आली. घामाने, आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. तिने जयाचे दोन्ही हात धरले.

"मावशी, ते वडिलांचं... तसं नव्हतं ना, मला माहीत आहे. पण लिहिताना मला राहवेना. कुणीतरी यायला हवं होतं, असं वाटत राहिलं."

"बरं केलंत," जया म्हणाली. आणि हात सोडवून घेतले.

मध्यंतर झालं होतं. मागच्या आवारात ऊन अजून रेंगाळत होतं. लोक चहाचे कप घेऊन कबरींच्या मधून हिंडत नव्या पाट्या वाचत होते. संडासांपुढे बायकांची रांग लागली होती, नव्या साड्या, गजरे, एकमेकींना हाका. गजा त्या सगळ्यापासून बाजूला उभा होता. जया जवळ आली तसं त्याने विचारलं,

"कुठं?"

वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याचा चेहरा तिने इतका उघडा कधी पाहिला नव्हता. रडणं त्याला ठाऊक नव्हतं. नुसते ओठ हलत होते.

जयाचा हात उठला. त्या दिशेला रांग होती. एक बाई दार ठोठावत आतलीला घाई करत होती. जयाचा हात रांगेवरून पुढे गेला. अकराही कबरी ओलांडून पार पलीकडच्या भिंतीशी थांबला.

"तिथं. सीताफळीच्या बुडाशी."

गजा तिकडे गेला. ती मागोमाग गेली. झाडाखाली कुणीतरी टाकलेला कागदी कप पडला होता, तो त्याने उचलून खिशात घातला. मग उकिडवा बसला आणि तळहात जमिनीवर टेकला.

"हितं?"

"हां."

"तू रोज यायचीस."

"रोज."

"मला वाटायचं, घरात करमत नाय म्हणून जातीस." तो जमिनीवरून हात फिरवत होता, निजलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. "सरिता. नाव बरं हाय."

जयाने खाली पडलेलं एक सुकं पान उचललं.

"कुनासारखी हुती गं?"

जयाने आठवून पाहिलं. तो चेहरा तिला कधी आठवावा लागला नव्हता. भांडी घासताना, रिक्षात, झाडताना, केव्हाही आपणहून समोर यायचा. मिटलेले डोळे, उघडणारं तोंड. आता समोर लाल काठाचं गाठोडं आलं, आत नुसत्या चिंध्या असलेलं. ती थांबली. पुन्हा गाठोडंच आलं.

"तुमच्यासारखी," ती म्हणाली.

गजाने मान डोलावली. दोनदा, तीनदा. मग उपरण्यात तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

"जयामावशी!" पलीकडून कुणीतरी हाक मारली. "ओ जयामावशी! संडासात पाणी संपलंय!"

ती क्षणभर त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"तुमी बसा तिच्याजवळ," ती म्हणाली. "मी आले."

टाकीवर जाऊन तिने दोन बादल्या भरल्या. बायकांनी अंग चोरून तिला वाट दिली. दाराशी पोचल्यावर तिने बादल्या खाली ठेवल्या, पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या.

"अहो मावशी, आत सगळं ओलं आहे," रांगेतली एक बाई म्हणाली. "घाण आहे. चप्पल घाला."

"असू दे," जया म्हणाली आणि बादल्या उचलून आत गेली.